एम.ए. झालं, मानवी हक्कांचं काम करायचंय. मराठवाड्यात राहून जमेल का?

दुधनाकाठ
नमस्कार. मी सेलू तालुक्यातली. यंदा छत्रपती संभाजीनगरला, आपल्या विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम.ए. पूर्ण केलं. घरच्यांना पुढचे दोनच रस्ते माहीत आहेत, एमपीएससी नाहीतर बी.एड. मला मानवी हक्कांच्या कामात उतरायचं आहे आणि तेही कायमचं. लग्न होईपर्यंतचा विरंगुळा म्हणून नाही.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं यासाठी झालेल्या नामांतराच्या लढ्यावर मी प्रबंधिका लिहिली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत माणसं मेली, घरं जळाली, लाँग मार्च निघाला. वाचताना एक प्रश्न मनातून जात नव्हता. ज्यांनी ही वर्षं तो लढा अंगावर घेतला, ते जगत कशावर होते? पुस्तकांत तारखा आहेत, याचं उत्तर फारसं नाही.

दिल्ली-मुंबईच्या संस्थांच्या जाहिराती बघते. इंग्रजी अस्खलित हवं, तीन वर्षांचा अनुभव हवा. अनुभव कुठून आणायचा ते कुणी सांगत नाही. एलएलबी करू का समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू? का थेट एखाद्या संस्थेत रुजू होऊ? वडिलांनी दोन वर्षं दिली आहेत. "लष्करच्या भाकरी भाजायच्या तर भाज, पण आपल्या चुलीचं पण बघ," असं म्हणाले. चुकीचं काही बोलले नाहीत.

बालाघाट
ताई, मी बीड जिल्ह्यात बरीच वर्षं हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे ठरवा की कोणता हक्क. "मानवी हक्क" हा शब्द दिल्लीच्या परिपत्रकात चालतो. आपल्याकडं त्याची नावं वेगळी आहेत. गायरान (गावची सामाईक चराऊ जमीन), उचल (ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेले पैसे), ॲट्रॉसिटीची केस, बालविवाह, जातपंचायतीचा बहिष्कार, पोलीस कोठडी. यातला एक धरा. सगळं एकदम धरणारा माणूस दोन वर्षांत मोर्चात घोषणा देण्यापुरताच उरतो, असं मी पाहत आलोय.

मी गायरान धरलं, कारण माझ्या भागात अ‍ॅड. एकनाथ आवाडांनी १९९० मध्ये मानवी हक्क अभियान उभं केलं आणि गायरान कसणाऱ्या दलित-भूमिहीनांचा प्रश्न त्यांनी मानवी हक्काचा म्हणून मांडला. २०१५ मध्ये ते गेले. पण कागद कसा वाचायचा हे त्या पिढीनं आम्हाला शिकवलं.

उदाहरण देतो. शासनाचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची, शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणं अटींनुसार नियमित करायची. आता केज भागातली एक आजी घ्या. तिचं कुटुंब तीन पिढ्या दोन एकर कसतंय. तलाठ्याच्या गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, तिच्या नवऱ्याचं नावच नाही. तहसीलला गेलं की "नोंद नाही, विषय संपला". आम्ही तिच्या घरी बसलो. तिनं पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत लग्नातला फोटो, रेशन कार्ड आणि घड्या घालून घालून चार तुकडे झालेल्या दंडाच्या पावत्या. अतिक्रमण केलं म्हणून १९८० च्या दशकात सरकारनंच वसूल केलेला दंड! पावतीवर गट नंबर, नाव, तारीख, सही. "दंडाचा कागद कशाला दाखवायचा, गुन्हा कबूल केल्यासारखं होईल," म्हणून तिनं तो कुणाला दाखवलाच नव्हता. तिचा सगळ्यात मोठा पुरावा तोच होता.

मोहीम इथून सुरू होते. एका आजीची पावती मिळाली की शेजारच्या गावांत अशाच पेट्या उघडायच्या. गाववार यादी करायची. एक-ई च्या प्रती माहिती अधिकारात मागायच्या आणि पावत्यांशी ताडून पाहायच्या. मागणी एका ओळीत आली पाहिजे: "या गावांतल्या या कुटुंबांच्या नोंदींची फेरचौकशी करा." ती मागणी कुणाच्या सहीनं पुरी होते ते शोधायचं, तलाठी, तहसीलदार, प्रांत का जिल्हाधिकारी. मग त्या सहीवर दबाव आणायचा. मोर्चा, बातमी, आमदाराचा तारांकित प्रश्न, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका ही सगळी त्याची हत्यारं. बरेच जण हत्यार आधी उचलतात आणि मागणी नंतर शोधतात.

विरोधी बाजूचा कागदही पाठ पाहिजे. २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. अधिकारी तोच निकाल तोंडावर फेकतात. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासन निर्णयानं दिलेल्या जमिनींसाठी अपवाद ठेवलेला आहे. तो परिच्छेद दाखवला की बोलणं बदलतं.

जगण्याचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. ते जास्त महत्त्वाचं आहे.

परतूरकर
मी एका मुलीचा बाप. तुमच्या वडिलांची काळजी समजते. या क्षेत्रात पगार मिळतो का, मिळाला तर किती वर्षं टिकतो, हे कुणीतरी स्पष्ट सांगा. मोठ्या गप्पा सगळे करतात.

बालाघाट
परतूरकर साहेब, सांगतो.

संस्थेतली नोकरी प्रकल्पापुरती असते. प्रकल्प तीन वर्षांचा तर नोकरी तीन वर्षांची. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांचं २०२० पासून अवघड झालंय. एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी पुढं देणं बंद झालं. आपल्या तालुक्यातल्या छोट्या संस्था मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्थेकडून असाच निधी घ्यायच्या. तो रस्ता संपला. अ‍ॅम्नेस्टीसारख्या संस्थेनं सप्टेंबर २०२० मध्ये भारतातलं काम थांबवलं. "मानवी हक्क" असं नाव लावलेल्या कामाला निधी मिळणं शिक्षण-आरोग्याच्या कामापेक्षा कायमच कठीण राहिलंय.

म्हणून दुसरा पाय पाहिजे. टिकलेली जी माणसं मला माहीत आहेत, त्या प्रत्येकाकडं तो आहे. कुणाची वकिली, कुणाची तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी, कुणाच्या घरची पाच एकर, कुणाची बायको जिल्हा परिषदेत शिक्षिका. हा शेवटचा आधार फारसा कुणी बोलून दाखवत नाही. पण दुधनाकाठ, तुमच्या साडेपंधरा वर्षांच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथं आहे. घरातल्या बाईनं मजुरी करून, नोकरी करून चळवळीतल्या पुरुषांना जगवलं. बाई स्वतः कार्यकर्ती झाली की तिला असं जगवणारं घरात सहसा कुणी नसतं. म्हणून तुमचा दुसरा पाय तुमच्या स्वतःच्या नावावर असावा, असं मला मनापासून वाटतं.

खंडपीठाची_पायरी
वकील आहे, संभाजीनगरला खंडपीठात. एलएलबीच्या बाजूनं माझं मत. तीन वर्षांचा कोर्स, एमएच-सीईटी द्यावी लागते. एम.ए.नंतर आणखी तीन वर्षं जड वाटतील, पण शिकता शिकता काम करता येतं आणि करावंच.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, ती फार जणांना उशिरा कळते. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली आणि संस्थेत पूर्णवेळ पगारावर लागलात तर सनद स्थगित ठेवावी लागते. दोन्ही हवं असेल तर संस्थेशी केसनिहाय किंवा सल्लागार म्हणून करार करा.

दुसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. पॅरा लीगल व्हॉलंटियर, म्हणजे कायदेशीर मदतीचा स्वयंसेवक, म्हणून नाव नोंदवा. यासाठी एलएलबी लागत नाही. मानधन दिवसामागे मिळतं आणि रोज काम असतंच असं नाही, म्हणजे त्यावर घर चालणार नाही. पण तुरुंग, पोलीस ठाणं, तालुका कोर्ट या तिन्ही जागी ओळखपत्र घेऊन आत जायला मिळतं. वर्षभर हे केलेली मुलगी आणि नुसतं पुस्तक वाचलेली मुलगी यांच्यातला फरक मला पहिल्या भेटीत कळतो. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गावात हे किती जणांना ठाऊक आहे ते विचारून बघा.

ॲट्रॉसिटीचं काम धरणार असाल तर २०१५ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १५-अ तोंडपाठ करा. एफआयआरची प्रत मोफत मिळण्याचा, आरोपीच्या जामिनाच्या वेळी म्हणणं मांडण्याचा, संरक्षण मागण्याचा हक्क पीडिताला आहे. जामिनाची सुनावणी आहे हे फिर्यादीला कळलंच नाही, असं वारंवार घडतं. त्या तारखेला फिर्यादीला कोर्टात उभं करणं हे एकटं काम करणारी एक कार्यकर्ती तालुक्यात असली तरी पुष्कळ बदलेल.

नळदुर्ग
मी टिसच्या, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या, तुळजापूर कॅम्पसला शिकलो. आपल्या दारात आहे आणि आपलीच पोरं कमी येतात याचं वाईट वाटतं. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. क्षेत्रकार्य हा तिथला गाभा आहे. गावात राहायचं, रोज नोंद लिहायची, आठवड्याला मार्गदर्शकासमोर बसायचं. एमएसडब्ल्यूचा आणखी एक उपयोग म्हणजे घरगुती हिंसाचार कायदा २००५ खालची संरक्षण अधिकाऱ्याची पदं, बाल संरक्षण कक्ष, सखी केंद्र (हिंसाचार झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) इथं ती पदवी चालते. काही पदं कंत्राटी असतात, तरी महिन्याला पगार असतो.

नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, द्यायची असेल तर "मानवी हक्क आणि कर्तव्ये" हा स्वतंत्र विषय आहे. प्राध्यापकीचं दार उघडं राहतं.

मोर्णा_ते_मंत्रालय
माझं मत वेगळं आहे. एमपीएससी द्या. आत जाऊन एक प्रामाणिक तहसीलदार जे करेल ते बाहेरचे पन्नास कार्यकर्ते करू शकत नाहीत.

बालाघाट
मान्य नाही. प्रामाणिक तहसीलदाराची तीन वर्षांत बदली होते. त्याच्यानंतर येणाऱ्याला विचारणारं गावात कुणीतरी लागतं. शिवाय परीक्षेच्या तयारीत पाच-सहा वर्षं घालवलेली किती पोरं आज औरंगपुऱ्याच्या अभ्यासिकांत बसून आहेत ते तुम्हालाही माहीत आहे. ज्याला अधिकारी व्हायचंय त्यानं जरूर व्हावं. ताईंनी विचारलेला प्रश्न तो नाही.

पाटोद्याचा_कोयता
माझे आई-बाप ऊसतोड कामगार. मी पण लहानपणी उसाच्या फडात वाढे (उसाचे शेंडे) बांधलेत. आता बी.ए. झालोय. थोडं बोलतो.

आमच्याकडं दसऱ्यानंतर लई संस्थांची पोरं येतात. प्रश्नावली घेऊन. "तुम्हाला संडासची सोय आहे का? तुमचं गर्भाशय काढलंय का?" माझ्या मायला परक्या पोरानं हे असं विचारलं होतं, चारचौघांत. २०१९ ला बीडच्या बायकांचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांची समिती आली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. पण खाडा अजून आहे. खाडा म्हणजे एक दिवस कोयता बंद राहिला तर मुकादम जो दंड कापतो तो. पाळीच्या दिवसांत पोट दुखलं तरी बाई फडात जाते ती खाड्याच्या भ्यानं.

ताई, तुम्हाला खरंच काम करायचं असेल तर पट्टा पडल्यावर या. म्हणजे हंगाम संपून मार्च-एप्रिलात हिशोब होतो तेव्हा. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल त्याच्या नावावर, बाईच्या मेहनतीचा वेगळा पैसा नाही. हिशोब मुकादमाच्या डायरीत असतो, आमच्याकडं काही नसतं. माझ्या बापानं किती टन तोडला, किती खाडे झाले, आजारपणात किती दिले, सगळं त्याच डायरीत. दर वर्षी काहीतरी फिटायचं राहतंच आणि ते पुढच्या हंगामाला चढतं. मी बारावीला होतो तेव्हापासून घरी वही ठेवली. रोज संध्याकाळी बापाला फोन करून टन विचारायचो आणि लिहायचो. हिशोबाला बसलो तेव्हा आमची वही आणि मुकादमाची डायरी जुळंना. वाद झाला, पण बाकी कमी झाली. आता आमच्या वस्तीवर बऱ्याच पोरांनी वह्या घातल्यात.

वेठबिगारी कायदा १९७६ चा आहे. उचलीपायी माणूस अडकवून ठेवला तर तो लागू होतो असं वकील म्हणतात. पण हिशोबाचा कागद नसला तर सिद्ध कशावर करणार? अशा वह्या गावोगावच्या पोरांनी ठेवाव्यात यासाठी कुणी हिंडलं तर ती मोहीमच आहे की.

दुधनाकाठ
दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सेलू-जिंतूर भागातूनही टोळ्या जातात. वहीचा नमुना इथं टाकाल का?

पाटोद्याचा_कोयता
टाकतो रात्री. साधीच आहे. तारीख, फड कुठं, गाडी नंबर, वजनाची पावती आहे का नाही, टन, खाडा, घेतलेले पैसे, आणि बायको कामावर होती का. शेवटचा रकाना मी वाढवला, कारण मायचं काम कुठंच दिसत नव्हतं.

गोदेपल्याड
सुरक्षेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी परभणीची. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, नंतर बंद, धरपकड, आणि न्यायालयीन कोठडीत कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा मृत्यू. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. त्याच्या आईनं आणि तिच्या वकिलांनी माघार घेतली नाही म्हणून हे झालं. त्या दिवसांत आम्ही काही जणी रात्री बसून एकच काम करत होतो. कुणाला उचललं, किती वाजता, कुठून, कोणत्या ठाण्यात ठेवलं, अंगावर खुणा होत्या का, दवाखान्याचा कागद आहे का, याची यादी. रडत रडत केली ती यादी.

दुधनाकाठ, या कामात एकटीनं जाऊ नका. कोणत्या गावी चाललात ते दोन माणसांना ठाऊक असू द्या. पीडित कुटुंबाचा फोटो, नाव त्यांच्या परवानगीशिवाय कुठंही टाकू नका, चांगल्या हेतूनंही नाही. तुम्ही संध्याकाळी घरी परत येता, त्यांना त्याच गल्लीत राहायचं असतं.

मानवी हक्क आयोगाकडं तक्रार करायची वेळ आली तर घटनेपासून एक वर्षाच्या आत करा, १९९३ च्या कायद्यात तशी मुदत आहे. मराठीत चालते, फी नाही. राज्य आयोगाकडं प्रकरण आधीच असेल तर राष्ट्रीय आयोग हात घालत नाही, म्हणून कुठं द्यायची ते ठरवून द्या. आयोग शिफारस करतो, अंमलबजावणी सरकारच्या हाती. तरीही तक्रारीचा क्रमांक मिळाला की त्या प्रकरणाला फाईल होते आणि फाईलला उत्तर द्यावं लागतं. राष्ट्रीय आयोगाच्या विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप असतात, ऑनलाइनसुद्धा. पण त्या शिकत असतानाच्या आहेत. एलएलबीला प्रवेश घेतलात तर तिथं अर्ज करा.

परतूरकर
माझी मुलगी अकरावीला आहे. हा धागा तिला वाचायला दिला.

दुधनाकाठ
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते लिहिते. यंदा एलएलबीची सीईटी देणार. प्रवेश होईपर्यंत परभणीला विधी सेवा प्राधिकरणात नाव नोंदवणार. विषय ॲट्रॉसिटीच्या केसेसचा घेते, कारण माझ्याच गावात एक केस आहे आणि त्या घराशी आमचं येणं-जाणं आहे. ऊसतोडीच्या वह्यांसाठी आमच्या वस्तीवरच्या चार-पाच पोरींशी बोलले, त्या तयार आहेत. इंग्रजीचं म्हणाल तर रोज एक निकाल मूळ इंग्रजीतून वाचायला घेतलाय. सावकाश जातं, पण जातं.

बालाघाट दादा, पहिला माहिती अधिकार अर्ज कशाचा टाकू?

बालाघाट
ॲट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत नियम १७ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची तीन महिन्यांतून निदान एक बैठक झालीच पाहिजे. तिथं तपास, दोषारोपपत्र, अर्थसाहाय्य यांचा आढावा घ्यायचा असतो. समितीत अशासकीय सदस्यही असतात. ते कोण आहेत हे तालुक्यात फारसं कुणाला माहीत नसतं. तिथूनच सुरुवात करा.

राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. जन माहिती अधिकारी, सहायक आयुक्त, समाजकल्याण, परभणी यांच्या नावे पाठवा. मजकूर असा:

"अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम १९९५ मधील नियम १७ अन्वये गठित परभणी जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीबाबत मागील तीन वर्षांची पुढील माहिती मिळावी. समितीच्या सध्याच्या शासकीय व अशासकीय सदस्यांची यादी. झालेल्या प्रत्येक बैठकीची तारीख, उपस्थितीपत्रक व इतिवृत्ताची प्रत. ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झालेल्या गुन्ह्यांची, समितीपुढे ठेवलेली यादी. अर्थसाहाय्य प्रलंबित असलेल्या प्रकरणांची संख्या व प्रलंबित असण्याचे नोंदवलेले कारण. संबंधित अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करण्यास दिनांक व वेळ कळवावी."

पाहणी मागायला विसरू नका, पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत आणि इतिवृत्तात नसलेलं पुष्कळ काही फाईलच्या टिपणीत सापडतं. पोचपावती घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचं तिकीट. उत्तर आलं की नावं झाकून इथं टाका, आपण सगळे मिळून वाचू.